पश्चिमेच्या पडवीला घडीचे काचेचे दार : सव्वा वर्षाचा अनुभव

जुळे सोलापुरातील आमच्या घरात हॉल आणि मागची पडवी यांच्यामधली विटांची भिंत काढून तेथे घडी होणारे काचेचे दार बसवले, त्याला आता सव्वा वर्ष झाले. १३ फूट रुंद आणि ८ फूट उंच जागेत ॲल्युमिनियम सेक्शनचे पाच पल्ले आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत अक्षता सोहळ्यासाठी आलेल्या नातलगांची चोवीस पानांची पंगत हॉलपासून पडवीपर्यंत दोन सरळ ओळींत बसली आणि शेंगापोळी वाढणाऱ्यांच्या पायाला कुठे उंबरठा लागला नाही, तेव्हा या खर्चाविषयी घरात चाललेली कुरबुर थांबली.

दाराची खरी परीक्षा मात्र उन्हाळ्यात झाली. सोलापुरात संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आम्ही पश्चिमेची भिंत उघडली. पण ऊनही तिकडूनच येते, याचा पुरेसा विचार केला नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शून्य सावलीच्या सुमारास, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि पडवीचे छप्पर पुरते. चारनंतर तो खाली उतरला की तेच छप्पर निरुपयोगी ठरते आणि ऊन सरळ सोफ्यापर्यंत पोहोचते. दुहेरी काचेमुळे हॉल पूर्वीच्या एकेरी काचेच्या खिडकीइतका तापत नाही हे खरे, परंतु खरा फरक पडला तो पडवीच्या बाहेरच्या कडेला बांबूची चिक सोडल्यावर. ऊन काचेला लागण्याआधीच अडवावे लागते. आतल्या पडद्याने ते भागत नाही.

काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो भरते, त्यामुळे ५ मिलिमीटरच्या दोन काचा असलेल्या आमच्या एका पल्ल्यात नुसती काचच सुमारे ४७ किलो आहे. हा भार वरून टांगायचा तर तुळई जराही वाकून चालत नाही. भिंत फोडून नंतर घातलेल्या लोखंडी गर्डरवर आमच्या अभियंत्याने तेवढा विश्वास टाकला नाही आणि भार खालच्या रोलरवर घेतला. निर्णय योग्यच होता, पण एप्रिलमध्ये अंगणातल्या कडुनिंबाचा मोहोर आणि धूळ मिळून खालच्या ट्रॅकमध्ये जो लगदा जमतो, तो रंगाच्या जुन्या ब्रशने दर आठवड्याला काढला नाही तर पल्ले किरकिरू लागतात. काच बोअरच्या पाण्याने धुतली तर पांढरे डाग उरतात, म्हणून पिण्याच्या पाण्यात पिळलेले फडके फिरवावे लागते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हे थोडे जिवावर येते.

फॅब्रिकेटरविषयी दोन तक्रारी आहेत. त्याने फरशी पूर्ण होण्याआधीच माप घेतले. टफन (तापवून कडक केलेली) काच तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे एक पल्ला नव्याने मागवावा लागला आणि अठरा दिवस ती जागा प्लायवूडने झाकलेली होती. दुसरे म्हणजे, ट्रॅकमधील पाणी बाहेर जाण्याची छिद्रे त्याच्याच माणसांनी सिलिकॉनने बुजवली होती. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी हॉलमधल्या सतरंजीपर्यंत आले, तेव्हा हे कळले. फरशीच्या पातळीत बसवलेला ट्रॅक पंगतीला सोयीचा असला तरी ही छिद्रे मोकळी नसतील तर पाण्याला दुसरी वाट नसते.

चौरस फुटाचा जो भाव सांगितला जातो, त्यात गर्डर आणि डासांची जाळी धरलेली नसते. जाळी आम्ही नंतर बसवली, तोवर दिवेलागणीला दार मिटूनच बसावे लागत होते. ती मूळ कामातच घ्यावी. घडी घातलेले पल्ले पडवीत अडीच फूट पुढे येतात, त्यामुळे झोपाळाही हलवावा लागला.

रोलर अद्याप बदलावे लागलेले नाहीत. तिसऱ्या पल्ल्याची बिजागरी मात्र दिवाळीत सैल झाली होती. ती आवळण्याची ॲलन की फॅब्रिकेटरकडून मागून घेऊन घरातच ठेवावी. आमच्याकडे ती नव्हती आणि दोन मिनिटांच्या कामासाठी माणसाची नऊ दिवस वाट पाहावी लागली.