पबकेम आणि रिअ‍ॅक्सिस: चिपाडापासून फरफ्युराल शोधताना

कोल्हापूरच्या आसपास उसाच्या चिपाडाला तोटा नाही, त्यामुळे त्यातून फरफ्युराल (शेतीतल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासून मिळणारे एक औद्योगिक रसायन) काढण्याचे प्रयोग हाती घेतले, तेव्हा हे काम आधी कोणी आणि कसे केले आहे हे पाहणे भाग पडले. त्यासाठी वापरलेल्या दोन सेवांविषयीचे हे मत आहे.

पबकेम ही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची 2004 पासूनची, रासायनिक संयुगांची माहिती देणारी मोफत ऑनलाइन सेवा असून तिला खाते उघडावे लागत नाही. नाव, रेणुसूत्र किंवा रेखाटलेली संरचना यांपैकी काहीही दिले तरी संयुग सापडते. नुसत्या फ्युरान वलयाचा (फरफ्युरालच्या रेणूतल्या पाच अणूंच्या कड्याचा) शोध घेतल्यास मात्र निकालांचा ढीग पडतो. मला सर्वाधिक उपयोग झाला तो कॅस क्रमांकाचा, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेल्या ओळख क्रमांकाचा. एका विक्रेत्याच्या दरपत्रकात फरफ्युरालपुढे 98-10-1 असे छापले होते. या क्रमांकातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो: त्याआधीच्या अंकांना उजवीकडून 1, 2, 3, 4 यांनी गुणून बेरीज केली की तिच्या एककस्थानी तोच अंक यायला हवा. इथे बेरीज 62 आली, म्हणजे शेवटी 2 हवा होता. पबकेमवरचा 98-01-1 हा क्रमांक 61 देतो, म्हणजे तो बरोबर आहे. बाटली मागवण्याआधीचा हा अर्ध्या मिनिटाचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो.

अभिक्रिया शोधायची झाली की पबकेमचा हात आखडतो. तिथे रिअ‍ॅक्सिस ही रासायनिक अभिक्रियांची शोधसेवा कामाला येते. 1881 पासून निघालेल्या बाइलश्टाइनच्या सेंद्रिय संयुगांवरील ग्रंथमालेचा वारसा तिच्याकडे आहे. झायलोज (चिपाडातून मिळणारी, फरफ्युरालमध्ये बदलणारी साखर), बाण आणि फरफ्युराल असे रेखाटले की उत्प्रेरक, द्रावक, तापमान आणि उतारा (हाती आलेल्या पदार्थाचे प्रमाण) यांनुसार निकाल गाळता येतात. वर्गणी संस्थेने भरलेली असावी लागते, हे तिचे मोठे न्यून आहे.

उताऱ्याचे आकडे वाचताना मात्र सावध राहावे. झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू जात असल्याने 100 ग्रॅमपासून जास्तीत जास्त 64 ग्रॅम फरफ्युराल मिळू शकते. म्हणून वजनाने 60 टक्के म्हणजे मोलच्या (रेणूंच्या संख्येच्या) हिशेबाने जवळजवळ 94 टक्के होतात. त्यातच कोणी उतारा झायलोजवर मोजतो, तर कोणी कोरड्या चिपाडावर. निकालांच्या यादीत हे आकडे शेजारी शेजारी बसतात, आणि कोणता कशावर मोजला आहे हे कळायला मूळ शोधनिबंधच उघडावा लागतो.