राइड सिम्बलचा नाद आवरायचा कसा: कापडी टेप की जेल?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये सराव करणाऱ्या एका ड्रमवादक मित्राला २० इंची राइडचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या मोठ्या धातूच्या थाळीचा, लांबणारा नाद सोसवत नाही. तिच्यावर टेप लावावी की जेलच्या मऊ, चिकट चकत्या, हा त्याचा प्रश्न आहे.

नियंत्रणात टेप सरस ठरते. खालच्या बाजूने, मधल्या फुगीर घुमटापासून कडेकडे जाणारी बोटभर रुंद पट्टी लावली की काठीचा ठोका स्पष्ट राहतो आणि मागची गुणगुण ओसरते. कड जास्त थरथरत असल्याने पट्टी कडेजवळ सरकवावी तसा नाद लवकर विरतो. म्हणून आधी छोटा तुकडा लावून ऐकावे. जेलचे वजन मात्र एकाच जागी पडते आणि जाड चकतीने आवाज चटकन बोथट होतो.

खर्चात टेप स्वस्त आहे, पण मे महिन्याच्या उकाड्यात तिचा डिंक पाघळून धातूवर चिकट डाग उरतो. जेल धुऊन पुन्हा वापरता येते. नाद दाबण्यासाठी विंगनट (सिम्बल स्टँडवर धरणारी चाकी) आवळण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने सिम्बलला तडा जाऊ शकतो.

सिम्बल स्वतःचे असून घरीच सराव असेल, तर टेप घ्यावी. वाशी किंवा ठाण्यातील स्टुडिओत दुसऱ्याच्या सिम्बलवर वाजवायचे असेल, तर जेलच योग्य.