उतामारोची ‘मोनो ओमोउ कोई’: हातछपाईची प्रत घ्यावी की पोस्टर?

‘मोनो ओमोउ कोई’ म्हणजे विचारात बुडालेलं प्रेम. जपानी छापचित्रकार कितागावा उतामारोच्या पाच चित्रांच्या प्रेमकविता-मालिकेतलं हे चित्र १७९३-९४च्या सुमाराचं. गालाला हात टेकून विचारात हरवलेली बाई आणि मागे रिकामी गुलाबी पार्श्वभूमी, बस्स. बाजारात याची पोस्टरं मिळतात आणि लाकडी ठशांवरून नव्याने हाताने छापलेल्या प्रतीही. हातछपाई बरीच महाग पडते, पण या चित्रासाठी ते पैसे मोजावेत.

कारण तो गुलाबी नुसता रंग नाही, त्यात अभ्रकाची पूड आहे. बाजूने उजेड पडला की मागचा भाग चमकतो आणि चेहरा निस्तेज राहतो. बाई भोवतालापासून तुटलेली वाटते, ती यामुळे. पोस्टरमध्ये दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि उरते फक्त एक सुंदर बाई. प्रत तिरकी धरून पाहा: चेहराही तितकाच चमकत असेल तर ते अभ्रक नव्हे, गुळगुळीत कागद आहे.

भाव शोधताना अर्धवट मिटलेल्या डोळ्यांवर जाऊ नका. तसे डोळे आणि इवलंसं तोंड उतामारोच्या चित्रांतल्या बहुतेक बायकांना असतं. पाहायच्या त्या भुवया. त्या काढून टाकलेल्या आहेत, म्हणजे एदोच्या, जुन्या टोकियोच्या, रिवाजानुसार ही लग्न झालेली बाई. मग ती झुरतेय कोणासाठी? नवऱ्यासाठी की दुसऱ्या कोणासाठी, हे चित्र सांगत नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

‘जुनाट’ छटेतली प्रत मात्र टाळा. करडईचा गुलाबी आणि त्या काळचा वनस्पतिजन्य निळा उजेडाने विटतो. ती पिवळट उदासी काळाने आणलेली आहे, उतामारोची नाही.

कागद उलटून पाहा. हातछपाईत मागे रंग झिरपलेला आणि बारेनने, म्हणजे कागद ठशावर दाबून घासायच्या गोल चकतीने, घासल्याच्या गोल खुणा दिसतात. पुढून चित्रातल्या बाईच्या बोटांची कड तपासा, ठसा सरकला असेल तर रंग रेषेबाहेर आलेला तिथेच कळतो. कपाळावरचे केस सुटे दिसले पाहिजेत. गिचमिड झाले असतील तर कोरीवकाम कच्चं.

मूळ आकार साधारण ३९ × २६ सेंमी. फ्रेमला परावर्तन न करणारी, अतिनील किरण अडवणारी काच लावा, साध्या काचेच्या झळाळीत अभ्रक हरवतं. कागद मागच्या पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवू नका, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या की पुरे. आणि माउंट कापणाऱ्याला आधीच बजावा की मालिकेचं नाव आणि सही झाकायची नाही.