मँडरिन की टागालोग: बॉयलर सूटच्या खिशातली वही

मी जहाजावर सेकंड इंजिनियर. लाईनमधली नवीन पोरं विचारत असतात, सेकंड, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, रात्री करायला काही नाही, चायनीज उचलू का टागालोग? मी दोन्ही करून बसलोय, चायनीज म्हणजे मँडरिन, आणि टागालोग म्हणजे फिलिपिन्सची भाषा. मँडरिन दीड वर्ष, रडतखडत एचएसके, म्हणजे चिनी भाषेची परीक्षा, तिच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, आणि टागालोग चार वर्षं, क्लास वगैरे काही न लावता, नुसतं मेसमध्ये बसून. त्यामुळे हे इंजिन रूमवाल्याचं मत आहे, भाषा शिकवणाऱ्याचं नाही, तेवढ्या बेतानंच घ्या. कोण किती कोटी लोक बोलतात, टोन, म्हणजे शब्दाचे सूर, किती, हे तुम्हाला माहितीच असणार, ते सोडून देतो.

आधी मँडरिन, कारण तिची उगाच जास्त भीती घातलीय. व्याकरण म्हणाल तर इतकं सुटसुटीत की संशय येतो. काल मी जा, उद्या मी जा, ते सगळे जा, क्रियापद हलतच नाही. आणि उच्चारात मराठी माणूस बराच पुढे असतो हे कोणी सांगत नाही. १९५८ साली चीननं जी रोमन लिपी आणली, पिनयिन, त्यात बी दिसला की प वाचायचा, पी दिसला की फ, डी म्हणजे त, टी म्हणजे थ. इंग्रजीवाल्यांना प आणि फ मधला तो श्वासाचा फरक धड ऐकूही येत नाही, आपल्याला तो बाराखडीतच मिळालाय. त्यात परत आपल्याकडे चाकातला च आणि चारमधला च वेगळा आहे, त्यातला चाकातला च म्हणजे जवळजवळ पिनयिनचा झेड. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई दोन वेळा म्हणाल्या की तुझा हा उच्चार छान आहे, मी लगेच हवेत.

ते विमान खाली आलं चीनमधल्या झोउशानला. तिथल्या एका यार्डात आमचं ड्रायडॉक, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्ती, होतं आणि मला सवय अशी की नवीन शब्द कानावर पडला की बॉयलर सूटच्या खिशातल्या वहीत देवनागरीत लिहून ठेवायचा. फोरमन, पन्नाशीचा माणूस, पंपाकडे हात करून म्हणाला, योउब्येन योउ योउ. मी लिहिलं. संध्याकाळी दुसऱ्या फिटरला तेच दाखवायचं होतं म्हणून वही काढून मोठ्यानं वाचलं, योउब्येन योउ योउ. तो माझ्याकडे बघत राहिला. परत वाचलं. त्यानं खिशातून सिगरेटचं पाकीट काढून पुढे केलं. शेवटी फोरमनलाच बोलावलं तेव्हा कळलं की पहिला योउ म्हणजे उजवा, दुसरा म्हणजे आहे, तिसरा म्हणजे तेल, तिघांचा सूर वेगळा, आणि मी तिन्ही एकाच सपाट आवाजात म्हणत होतो. उजव्या बाजूला तेल आलंय, एवढंच सांगायचं होतं हो.

हाच तो वैताग, आणि माझ्यापुरता निकाल इथेच लागला. टोन अवघड आहेत ही तक्रार नाहीये, सवयीनं जमतात म्हणे. तक्रार ही की कानावर पडलेला शब्द वहीत उतरत नाही. सूर पकडला नसेल तर लिहिलेलं काही कामाचं नाही, डिक्शनरीत शोधायला जावं तर योउखाली भली मोठी यादी. आणि उलट बाजूनं, डोळ्यांना दिसलेलं तोंडात येत नाही. गळतीचं त्यांचं अक्षर मला फार आवडतं, डावीकडे पाण्याचे तीन थेंब, उजवीकडे छप्पर आणि छपराखाली पाऊस. कोकणातल्या माणसाला यापेक्षा समजावून काय सांगायचं! पण ते अक्षर बघून त्याचा उच्चार लौ आहे हे कुठून कळणार? म्हणजे कानाची एक शिकवणी आणि डोळ्यांची दुसरी, दोन्हीची फी वेगळी. तीन महिने घरी राहून परत चढलो की निम्मी अक्षरं गायब. चिनी लोकांकडेही पेन उचललं आणि अक्षर विसरलं अशी म्हण आहे, फोनवर टाइप करून करून त्यांचंही तसं होतं, पण त्यांना बोलायला तरी येतं.

आता टागालोग. तीच वही, तीच गळती. तुलो म्हणजे गळणं. तुमुलो म्हणजे गळलं, तुमुतुलो म्हणजे गळतंय, तुतुलो म्हणजे गळणार. लिहिलं तसं वाचायचं, आघात चुकला तर थोडं हसतील, पण कळतं. पुढे पा लावला की अजून गळतंय, ना लावला की गळायला लागलंय. मी पहिल्यांदा वहीत बघून तुमुतुलो पा म्हटलं तेव्हा ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला फिलिपिनो खलाशी, स्पॅनर घेऊन पळत सुटला. (एक सावधगिरी, माय तुलो, म्हणजे गळती आहे, असं मेसमध्ये मोठ्यानं जाहीर करू नका. खलाशांना बंदरात लागणाऱ्या एका आजाराचंही तेच नाव आहे. मला आठवडाभर चिडवलं.)

क्रियापद मात्र डोकं खातं, खोटं कशाला बोलू. पुढे, मध्ये, मागे, कुठेही काहीतरी चिकटतं. पण इथे शाळेतलं मराठी व्याकरण कधी नव्हे ते कामाला आलं. उमिनोम शा नांग कापे म्हणजे तो कॉफी प्यायला. इनिनोम न्या आंग कापे म्हणजे त्यानं ती कॉफी प्यायली. अगदी कर्तरी-कर्मणी नाही, व्याकरणवाले मला मारतील, पण मी त्याच खुंटीवर टांगलं आणि टांगलेलं राहिलं. तसंच आपण आणि आम्ही. इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, टागालोगमध्ये आहे, तायो आणि कामी. जेवताना शेजारून कोणी गेलं की फिलिपिनो माणूस म्हणतोच, काइन तायो, या जेवायला. तिथे कामी म्हटलं तर तुम्ही वगळलेले. हे मला कोणाला समजावून द्यावं लागलं नाही, आणि आमच्या युक्रेनियन चीफ इंजिनियरला तीन वर्षांत समजलं नाही.

शब्दांचं तर विचारूच नका. बालदीला बाल्दे, साबणाला साबोन, ते स्पॅनिशमधून आलं आणि आपलं पोर्तुगीजमधून. गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, दुखा म्हणजे गरीब, हे संस्कृतातून फिरत फिरत गेलेलं. आते म्हणजे मोठी बहीण, आपली आत्या नव्हे, आणि हा शब्द चिनी आहे, मोठ्या भावाचा कुया पण. पण मँडरिन नाही, होक्कियन, म्हणजे दक्षिण चीनची वेगळी बोली. मनीलातलं बिनोंदो १५९४ पासूनचं चायनाटाउन, जगातलं सगळ्यात जुनं म्हणतात, तिथे मी एका दुकानात मोठ्या ऐटीत मँडरिनमध्ये किंमत विचारली. गल्ल्यावरच्या आजी म्हणाल्या, आनो? म्हणजे काय? टागालोगमध्ये. मग पुढचा सगळा सौदा त्याच भाषेत झाला.

टागालोगमध्ये त्रास नाही असं नाही. तुम्ही एक वाक्य बोलला की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो, दुसरं बोलला तरी इंग्रजीतच, चांगल्या मनानंच देतो पण सराव व्हायचा कसा? आणि जहाजावर बरेचजण फिलिपिन्समधल्या इलोइलोकडचे, ते आपसात तिकडची इलोंगो भाषा बोलतात, माझे पहिले दोन महिने तर मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. फिलिपिन्समधल्या दावाओला मेडिकलला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्या, पेशंट तिथे बिसाया या तिकडच्या भाषेत बोलणार, टागालोग कळते त्यांना, पण दुखतंय कुठे ते माणूस घरच्या भाषेतच सांगतो.

आणि मालाची खरेदी, कारखान्यांशी बोलणी, ट्रान्सलेशनची नोकरी असलं काही डोक्यात असेल तर मँडरिनच करा, पोटापाण्याच्या हिशेबात टागालोग तिच्या जवळपास येत नाही. एका जागी बसून रोज तासभर देता येत असेल तर कदाचित माझा वैताग तुम्हाला होणारही नाही, मी तरंगता माणूस आहे.

तरी ठरत नसेल तर एक करून बघा. दोन्ही भाषांतलं एकेक वाक्य कोणाकडून तरी ऐका, देवनागरीत लिहा, वही बंद करा. दोन दिवसांनी ते वाक्य दुसऱ्याच कोणाला तरी वाचून दाखवा. कोण पळत सुटतो आणि कोण सिगरेट पुढे करतो ते बघा.