दाढ काढण्याआधी लाफिंग गॅस: पैसे मोजावेत का?

दाढ काढायची म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी काही दंतवैद्यांकडे नाकावाटे गॅस देण्याची सोय असते. मास्कमधून नायट्रस ऑक्साइड (हाच लाफिंग गॅस) आणि ऑक्सिजन यांचं मिश्रण देतात. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, 'तोंड उघडा' म्हटलं की उघडतो. बिलात याचे पैसे बहुधा वेगळे लागतात, त्यामुळे आधी विचारून घ्यावं. सुईची धास्ती असेल, किंवा तोंडात आरसा गेला तरी उमासे येत असतील, तर हे पैसे वसूल होतात. मात्र गॅस देणारा घाईत असेल, तर तीच सेवा नकोशी होते.

एक गैरसमज पहिल्यांदा दूर करायला हवा. गॅसने मन सैलावतं आणि वेदना थोडी बोथट होते, पण दाढ बधिर होत नाही. त्यासाठी हिरडीत लिग्नोकेनचं इंजेक्शन घ्यावंच लागतं. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये हार्टफर्डला हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्याच महिन्यात बोस्टनला त्याने हा गॅस देऊन दात काढण्याचं प्रात्यक्षिक केलं, त्यात रोगी ओरडला आणि वेल्सची नाचक्की झाली. तेव्हा बधिर करणारं इंजेक्शनच नव्हतं. आज ते आहे, तेव्हा 'नुसत्या गॅसवर दाढ काढून देतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणावं.

चांगल्या हाताची पद्धत ठरलेली असते. मास्क नाकावर नीट बसवून दोन-तीन मिनिटं फक्त ऑक्सिजन देतात; मोठ्या माणसाला साधारण मिनिटाला ५ ते ६ लिटर. मग नायट्रस १० टक्क्यांपासून सुरू करून मिनिटाभराच्या अंतराने ५-१० टक्के वाढवत नेतात. बहुतेकांना ३० ते ४० टक्के पुरतं. ५० च्या वर जायची वेळ दातांच्या कामात सहसा येत नाही. बोटांना मुंग्या येतात, अंगात ऊब पसरते, हातपाय जड होतात. खुर्चीच्या हातावर आवळलेली बोटं आपोआप सुटतात, खांदे खाली येतात. इथेच थांबायचं असतं. आकडा आणखी वाढवला की गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. असं झालं तर लगेच सांगावं. प्रमाण उतरवलं की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं.

गॅस 'लागलाच नाही' ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचं कारण बहुतेकदा तोंडाने घेतलेला श्वास असतं. बोलत राहिलं तरी तेच होतं. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर तारीख पुढे ढकलावी. दाट मिशीमुळे मास्कच्या कडेने गळती होते. भरपेट जेवून गेलं तर उलटीची शक्यता वाढते, आणि उपाशी गेलं तर भीतीत चक्करेची भर पडते. दोन तास आधी हलकं काहीतरी खावं.

गॅसचा खरा उपयोग सुई टोचण्याच्या वेळी होतो, पण तिथेही हात महत्त्वाचा. हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारी जेल मिनिट-दोन मिनिटं ठेवायला हवी; ओल्या हिरडीवर ती लाळेबरोबर वाहून जाते. औषध सावकाश, मिनिटाला साधारण १ मिलिलिटर असं सोडलं की ताण कमी जाणवतो. त्यातल्या अ‍ॅड्रेनलिनमुळे छातीत थोडा वेळ धडधडू शकतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर घाबरलेल्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं. खालच्या दाढेसाठी ओठाची त्या बाजूची कड पूर्ण बधिर होईपर्यंत चिमटा लावू देऊ नये. दाब जाणवेल, कटकट आवाज येईल, पण कळ येता कामा नये. आली तर डावा हात वर करायचा आणि डॉक्टरांनी थांबायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. धीर देण्यात या साध्या खुणेचा वाटा गॅसइतकाच आहे. सुजलेल्या, पू झालेल्या जागी इंजेक्शन कमी चढतं, हेही डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसांचा जुना आजार, नुकतीच झालेली कानाची शस्त्रक्रिया, किंवा शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरलेला असेल, तर हा गॅस टाळतात. ब-१२ कमी असेल तर ते जरूर सांगा. नायट्रस हे जीवनसत्त्व निकामी करतो, आणि मुळात कमतरता असलेल्याला त्यातून मज्जातंतूंचा त्रास होऊ शकतो. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास असते, म्हणून हा प्रश्न न विचारणारा दवाखाना आमच्या मते पुरेसा काळजी घेत नाही. उरलेला वायू ओढून बाहेर सोडणारी नळी मास्कला आहे का, हेही पाहावं.

काम झाल्यावर पाच मिनिटं पुन्हा शुद्ध ऑक्सिजन द्यायला हवा. तो चुकवला तर डोकं दुखू शकतं. त्यानंतर थोड्याच वेळात माणूस ताळ्यावर येतो. भीती घालवणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळीपेक्षा गॅस इथे उजवा ठरतो. गोळीची गुंगी काही तास टिकते, बरोबर माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवता येत नाही. पण आदल्या रात्री झोपच लागत नसेल, तर त्यावर गॅसचा उपयोग शून्य. तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीच कामाची.