ऑक्टाव्हिया व्हीआरएस सर्व्हिसला दिली: मेकॅनिक चांगले निघाले, यार्डातल्या पोरांवर लक्ष ठेवा

रेटिंग आधीच देऊन टाकतो. मेकॅनिकल कामाला पाचपैकी साडेचार, वॉशिंगला एक, आणि गाडी इकडून तिकडे लावणाऱ्या ड्रायव्हर पोरांना दोन, तेही मॅनेजरने नंतर ऐकून घेतलं म्हणून. सेंटरचं नाव टाकत नाहीये, पुण्यातलं ऑथोराइज्ड आहे एवढं पुरे, आणि तसंही मला जे दिसलं ते कुठल्याही ब्रँडच्या मोठ्या वर्कशॉपात थोड्याफार फरकाने दिसेल.

गाडी म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230. ऑगस्ट 2017 मधे आली, पहिल्या लॉटमधे फक्त 500 गाड्या, तेव्हा एक्स-शोरूम 24.62 लाख, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, 230 पीएस, 350 न्यूटन मीटर, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि शून्य ते शंभर 6.8 सेकंदात. बाहेरून बघितलं तर फॅमिली गाडी, आमच्या आईला मागे बसल्यावर एवढंच कळतं की पाय ठेवायला जागा भरपूर आहे. पण वर्कशॉपच्या गेटवर मागचा तो छोटा व्हीआरएसचा बॅज दिसला की पोरांचे डोळे कसे चमकतात ते एकदा बघा, आणि तिथूनच आपल्या पोटात गोळा यायला सुरुवात होते.

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं की सगळे एकच सांगतात, डीलरकडे देऊ नको, ट्रायलच्या नावाखाली गाडी पिळतात. आता यात अर्धं खरं आहे आणि अर्धं उगाच. ट्रायल घ्यावीच लागते राव. लोडवर मिसफायर होतोय अशी तक्रार तुम्ही लिहून दिलीत तर टेक्निशियनने थर्ड गिअरला पूर्ण दाबून बघायचं नाही तर काय, पार्किंगमधे रेस करून कळणारे का ते? सस्पेन्शनचा आवाज खराब रस्त्यावर नेल्याशिवाय येतच नाही. प्रश्न जोरात चालवण्याचा नाहीच, कधी आणि कोणी चालवली याचा आहे. या इंजिनचं कूलंट पटकन गरम होतं, गेजचा काटा 90 वर जाऊन बसतो, पण ऑइल गरम व्हायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. ऑइल टेम्परेचर मीटरमधे वेगळं बघता येतं, थंड ऑइलवर इंजिन पिळायचं नसतं, आणि ज्याला टर्बो गाडी कळते तो ते बघितल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबत नाही.

इथे जे सीनिअर टेक्निशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते बरोब्बर हेच करतात. मी कामाला गाडी दिली ती डीएसजी ऑइलसाठी, कारण हा वेट क्लचवाला, म्हणजे ऑइलमधे बुडालेल्या क्लचचा, सहा गिअरचा बॉक्स आहे आणि 60,000 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचं असतं, ते टाळलं की पुढे मेकाट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटच्या) खर्चाला बसायचं. यात एक गोम आहे जी बाहेरच्या पुष्कळ गॅरेजवाल्यांना माहीतच नसते. लेव्हल डिपस्टिकने बघता येत नाही, इंजिन चालू ठेवून ऑइल 35 ते 45 डिग्रीच्या मधे असताना जादाचं ऑइल खालून वाहून जाऊ द्यायचं, आणि ते टेम्परेचर स्कॅनर लावूनच कळतं. मामांनी स्कॅनर लावला, मला शेजारी उभं करून आकडा दाखवला, म्हणाले, "सर, आता घाई केली तर जास्त राहील, दोन मिनिटं थांबा." मी म्हटलं, मामा तुम्ही अर्धा तास घ्या. लिफ्टवर घेताना रबरी पॅड साइड स्कर्टच्या आत नीट जॅक पॉइंटवर बसलेत का हे खाली वाकून, टॉर्च मारून बघितलं. नंतर ट्रायलला मला शेजारी बसवलं, ऑइल तापेपर्यंत हायवेच्या सर्व्हिस रोडने म्हशीसारखी नेली आणि मग एकदाच, एका मोकळ्या पट्ट्यात, व्यवस्थित ओढून गिअर कसे पडतात ते बघितलं. तेवढंच. गाडीचा मान ठेवणं म्हणजे काय ते कोणाला समजावायचं असेल तर या माणसाची एक ट्रायल दाखवा.

मग ड्रायव्हर पोरांना दोनच का दिले? कारण मामा गाडी चालवतात ती फक्त तेवढा वेळ. गाडी रिसेप्शनवरून बेमधे (जिथे काम होतं त्या जागी), बेमधून अलाइनमेंटला, तिथून वॉशिंगला, वॉशिंगवरून मागच्या यार्डात, आणि डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी यार्डातून पुढे, हे सगळं करणारी पोरं वेगळी. त्यांना टर्बोचं कोणी शिकवलेलं नाही, पगार जेमतेम, आणि दिवसभर हॅचबॅक हलवून कंटाळलेली. डॅशकॅम चालू आहे हे मी गाडी देतानाच सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगितलं होतं, स्टिकरही लावलाय. तरी घरी येऊन क्लिप बघितली तर सकाळचं कोल्ड स्टार्ट, इंजिन चालू होऊन जेमतेम पाच-सात सेकंद, आणि मागून एक आवाज, "अरे दाब ना, तो पर्र आवाज येतो बघ." आणि दाबली. गिअर बदलताना डीएसजी जो पादल्यासारखा आवाज करतो ना, त्याच्यासाठी. यार्डात! रात्रभर थंड पडलेलं इंजिन! च्यायला, आपण रोज सकाळी सोसायटीच्या गेटपर्यंत श्वास रोखून नेतो आणि इकडे हे.

इंजिन गेलं का? नाही, एवढ्याने जात नाही, उगाच घाबरवत नाही कोणाला. पण दुसऱ्याच्या वस्तूशी असं वागायचं नसतं एवढं तर कळायला हवं.

क्लिप घेऊन सर्व्हिस मॅनेजरकडे गेलो. पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे, "सर, पोरं आहेत, सांगतो मी त्यांना." मी आवाज चढवला नाही, फक्त म्हटलं की साहेब, लेखी द्या. इथे एक माहिती सगळ्यांच्या कामाची आहे. गाडी आपण कामासाठी त्यांच्या ताब्यात देतो, म्हणजे 1872 च्या करार कायद्याप्रमाणे ते बेली, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणारे, होतात. कलम 151 म्हणतं की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यांनी घ्यायची, आणि कलम 154 म्हणतं की ज्या कामासाठी दिली ते सोडून दुसरा वापर केला आणि त्या दरम्यान नुकसान झालं तर भरपाई त्यांनी द्यायची. म्हणजे जॉब कार्डवर बारीक अक्षरात "ओनर्स रिस्क" छापलं म्हणून लगेच गप्प बसायची गरज नाही. फारच टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहेच. माझ्यावर तिथवर जायची वेळ आली नाही, मॅनेजरने मेल पाठवून माफी मागितली आणि सिस्टिममधे माझ्या गाडीपुढे नोट टाकली की हलवायची असली तरी सीनिअर टेक्निशियनच हलवेल. पुढच्या वेळी खरंच पाळलं, म्हणून दोन, नाहीतर शून्यच होतं.

अमेरिकेतल्या शेवरोलेने याच्यावर कारखान्यातूनच इलाज काढला होता, 2015 च्या कॉर्व्हेटमधे व्हॅले मोड दिला, कोणाच्या हातात गाडी दिली की व्हिडिओ, आवाज, स्पीड, आरपीएम सगळं रेकॉर्ड. आणि मग कंपनीलाच डीलरना कळवावं लागलं की गिऱ्हाइकांना सांगा तूर्तास तो वापरू नका, कारण काही राज्यांत समोरच्याला न सांगता आवाज रेकॉर्ड करणं कायद्यात बसत नाही. म्हणून म्हणतो, डॅशकॅम असेल तर तोंडावर सांगून द्या. चोरून पकडण्यात मजा नाही, सांगितल्यावर बहुतेक जण नीट वागतात हा जास्त फायदा. (आमच्याकडचा नमुना अपवाद.) आमच्या ग्रुपमधल्या एकाला डॅशकॅम पण लागला नाही, गाडी वर्कशॉपात आणि याच्या मोबाइलवर फास्टॅगचा टोल कापल्याचा मेसेज. कोणीतरी जेवायला गेलं होतं म्हणे, ट्रायल म्हणून.

वॉशिंगबद्दल काय बोलायचं. आधीच्या चिखलाने माखलेल्या एसयूव्हीचं फडकं त्याच बादलीत पिळून त्याच फडक्याने माझं लाल बॉनेट. उन्हात धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे, ते काढायला डिटेलरकडे जा, पैसे वेगळे, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) थोडा कमी होतो तो वेगळाच. फुकट वॉशिंग ही सगळ्यात महाग गोष्ट आहे तिथली. जॉब कार्डवर मोठ्या अक्षरात "वॉशिंग नको" लिहून घ्या, वायपरखाली कागद अडकवा, तरी ॲडव्हायझरला संध्याकाळी फोन करून परत सांगा, कारण वॉशिंगवाल्याकडे जॉब कार्ड पोचतच नाही.

चाकांचं मिश्र आहे. सुरुवातीला ज्याने रोटेशन केलं त्याने हवेची गन लावून बोल्ट कसले, मी काचेतून बघत होतो, जाऊन सांगितलं की दादा, 120 न्यूटन मीटर आहे याचं, टॉर्क रेंच घे. त्याने तोंड वाकडं न करता सगळे सैल करून परत कसले, हे मला आवडलं. रेंच भिंतीवर टांगलेलाच होता, फक्त काढायचा कंटाळा. आणि बाबांनो, अँटी-थेफ्ट बोल्टचं जे छोटं ॲडॅप्टर असतं ते गाडी घेताना डिकीत परत आलंय का तिथेच बघा. ते यांच्या ट्रॉलीत राहिलं आणि तुम्ही ताम्हिणीत पंक्चर झालात तर स्टेपनी असून उपयोग नाही.

मी स्वतः आता काय करतो तर गाडी देताना ओडोमीटरचा फोटो ॲडव्हायझरसमोर, ट्रिप मीटर झीरो, परत घेताना किलोमीटरबरोबर ॲव्हरेज स्पीड पण बघतो. शनिवारी अजिबात नाही, त्या दिवशी एवढी गर्दी असते की गाडी दहा हातांतून जाते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पहिली अपॉइंटमेंट घेतली तर मामा मोकळे असतात आणि गाडी यार्डात रात्र काढत नाही. आत बसू देत नाहीत असं म्हणतात, पण हेल्मेट नि जॅकेट घालून बेच्या बाजूला उभं राहू देतात, नीट विचारलं तर. आणि चहा सांगितला तर मामा एकटे पीत नाहीत, सगळ्या बेला सांगावा लागतो, ते धरून चाला.

बाहेरचं परफॉर्मन्स गॅरेज बघावं का हा पण प्रश्न येतो. रिमॅप केलेली (इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) असेल तर जरूर बघा, कारण डीलरच्या कॉम्प्युटरला बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की टीडी1 चा, म्हणजे फेरफार केल्याचा, शेरा बसतो आणि वॉरंटीचं मग विसरा. माझी स्टॉक आहे, डीएसजीचं काम मामांइतकं नीट मला बाहेर कुठे दिसलेलं नाही, त्यामुळे सध्या तरी इथेच. ब्रेक फ्लुइड आता ड्यू आहे. मामा त्या दिवशी ड्युटीवर आहेत का ते आधी फोन करून विचारायचं आणि मगच स्लॉट घ्यायचा.