कोहा बसवताना: तयार पॅकेज की सोर्स कोड?

ग्रंथालयासाठी कोहा हे ग्रंथालय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरायचे असे महाविद्यालयाने ठरवले की ते सर्व्हरवर कोणत्या मार्गाने बसवायचे, हा प्रश्न लगेच समोर येतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी लिहिलेली आणि जानेवारी २००० मध्ये कामाला लागलेली ही पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतील मुक्त प्रणाली मुख्यतः दोन मार्गांनी बसवता येते. कोहा समुदायाने डेबियन व उबंटू या लिनक्सच्या प्रकारांसाठी बांधलेले तयार पॅकेज घेणे हा एक मार्ग, आणि गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) किंवा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) यांमधून सोर्स कोड उतरवून सारी जुळवाजुळव स्वतः करणे हा दुसरा. दोन्हींसाठी रूटचे, म्हणजे सर्व्हरवरील सर्वोच्च, अधिकार लागतात, त्यामुळे शेअर्ड होस्टिंगचा विचार सुरुवातीलाच सोडावा.

खरा फरक पर्लच्या मोड्यूलपाशी, म्हणजे कोडच्या तयार तुकड्यांपाशी, पडतो. कोहाला अशी शंभराहून अधिक मोड्यूल लागतात. पॅकेजच्या मार्गात एपीटी ही डेबियनची पॅकेज बसवणारी प्रणाली ती आपणहून आणते. सोर्सच्या मार्गात त्यांतली काही सीपॅन या पर्ल मोड्यूलच्या ऑनलाइन संग्रहातून घ्यावी लागतात, आणि ज्यांत सी भाषेचा भाग आहे ती सर्व्हरवरच कंपाइल होतात. पुढे ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर पर्लची नवी मोठी आवृत्ती आली की अशी कंपाइल केलेली मोड्यूल चालेनाशी होतात आणि पुन्हा बांधावी लागतात. ज्यांनी मूळ काम केले ते कर्मचारी तोवर संस्थेत असतीलच असे नाही, म्हणून हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पॅकेजमध्ये ‘कोहा-क्रिएट’ ही एकच आज्ञा डेटाबेस, लिनक्सवरील स्वतंत्र वापरकर्ता, अपॅची या वेब सर्व्हरची साइट आणि कॉन्फिगरेशनची फाइल तयार करते. मात्र त्याआधी ‘कोहा-साइट्स’च्या फाइलमध्ये डोमेन व पोर्ट भरलेले असावेत. कर्मचाऱ्यांसाठी ८०८० पोर्ट ठेवल्यास तो अपॅचीच्या पोर्टच्या फाइलमध्येही नोंदवावा लागतो, आणि नवखे लोक नेमके हेच विसरतात. एका शिक्षण संस्थेची अनेक महाविद्यालये असतील तर एकाच सर्व्हरवर प्रत्येकाचे वेगळे इन्स्टन्स, म्हणजे कोहाची स्वतंत्र मांडणी, वेगळ्या डेटाबेससह, याच आज्ञेने उभे राहते. साध्या सीजीआयने (वेब सर्व्हरने प्रोग्राम चालवण्याची जुनी पद्धत) प्रत्येक विनंतीला पर्लचा कोड नव्याने कंपाइल होतो आणि पाने रेंगाळतात. त्यावर कोड एकदाच चढवून तयार ठेवणारा प्लॅक हा उपाय आहे. पॅकेजमध्ये तो दोन आज्ञांत सुरू होतो, तर सोर्समध्ये त्याची सेवा, झेब्रा या शोध-इंजिनाची सेवा आणि ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या नोंदी आपणच लिहायच्या असतात.

कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. पॅकेज अद्ययावत केले की डेटाबेसची रचनाही त्याबरोबर बदलते. मात्र हा बदल सर्व्हरवरील सगळ्या इन्स्टन्सना एकदम लागू होतो. एक महाविद्यालय जुन्या आवृत्तीवर आणि दुसरे नव्या आवृत्तीवर ठेवता येत नाही. तसेच टेम्प्लेटच्या फाइलमध्ये हाताने केलेले फेरफार पुसले जातात, म्हणून रंगरूपाचे बदल सिस्टिम प्रेफरन्समधील सीएसएस व जावास्क्रिप्टच्या जागीच करावेत. पॅकेजचा रोजचा बॅकअप त्याच सर्व्हरवर पडतो आणि मुळात दोनच दिवस टिकतो, त्यामुळे त्याची प्रत बाहेर नेण्याची व्यवस्था वेगळी करावी.

मग सोर्स कोणी निवडावा? संस्थेच्या धोरणामुळे डेबियन कुळाबाहेरची लिनक्स वापरावी लागत असेल, किंवा कोहाच्या गाभ्यातच बदल करून ते सांभाळणारा माणूस कायमचा हाताशी असेल, तर तो मार्ग रास्त आहे. केवळ कोड शिकायचा किंवा तपासायचा असेल तर समुदायाने डॉकरवर दिलेली चाचणीची मांडणी पुरे. तिच्यावर चालते ग्रंथालय ठेवू नये. उरलेल्या बहुतेक ग्रंथालयांनी पॅकेजच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही मार्गांत काही गोष्टी सारख्याच राहतात. वेब इन्स्टॉलरमध्ये मार्क २१ की युनिमार्क (पुस्तकांच्या नोंदींचे दोन नमुने) हे नीट पाहून निवडावे, कारण नोंदी भरल्यानंतर ते बदलणे फार अवघड जाते. मराठी पुस्तके असतील तर झेब्राची मूळची अक्षरमांडणी देवनागरीला पुरत नाही. इंडेक्सच्या फाइलमध्ये आयसीयू या युनिकोड अक्षरे हाताळणाऱ्या साधनाची साखळी लावून पूर्ण इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. हे काम नोंदी थोड्या असतानाच उरकावे, आणि जोडाक्षरे व मात्रा असलेली दहा-वीस शीर्षके शोधून पाहिल्यावरच बाकीचा डेटा आत घ्यावा.